तीन वाक्यांची हरकत

परत आल्यापासून जो भेटतो तो नायगाराचं विचारतो. पाहिला नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. चार महिने अमेरिकेत राहून ही बाई करून काय आली, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं. सांगायला माझ्याकडे एक बैठकीची खोली आहे. वॉशिंग्टनमधली, जाड गालिचा घातलेली, आणि इतकी थंड की मी साडीवर लेकीचा कोट चढवून बसले होते. त्या खोलीत मला जेवढी भीती वाटली तेवढी विमानाने धावपट्टी सोडली तेव्हाही वाटली नव्हती.

मी मुळात भित्रीच. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण साहेबांची घंटा वाजली की पहिल्या दिवशी जशी दचकले तशीच शेवटच्या दिवशीही दचकले. आमचा भंडाऱ्याकडचा मुलूख धानाचा. बांधावरून भावाभावांचं बोलणं बंद झालेलं, हद्दीच्या दगडावरून डोकी फुटलेली, हे सगळं कागदावर उतरवण्यात माझी नोकरी सरली. त्या कारकुनीचा अमेरिकेत कुणाला उपयोग होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

एक आधीच सांगते. ज्या देशाची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि त्याच्या मोठ्या शेजाऱ्याचंही नाही. तसा शब्द देऊन आले आहे. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला, समुद्राला लागून तो चिमुकला देश आहे, एवढं पुरे. ज्याला शोधायचा त्याने नकाशा उघडून शोधावा.

शनिवार : कॅरीहून निघालो

माझी लेक प्रज्ञा नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहते, औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. गाव म्हणायचं पण गावात माणूस दिसत नाही. उंच उंच पाइनची झाडं, त्यांच्यामागे एकसारखी घरं, आणि घरातून निघालेला माणूस थेट गाडीत. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी बुद्धवंदना असायची, तेव्हा नागपूर, पुणे, मुंबई सगळीकडची आपली माणसं जमायची आणि "जय भीम मावशी" कानावर पडलं की मला हायसं वाटायचं. एरवी मी खिडकीतून खारी पाहायची.

"आई, यार तू बोअर होते आहेस घरी," प्रज्ञा एके दिवशी म्हणाली. "लाँग वीकेंड घेते. वॉशिंग्टनला जाऊ. पार्बती कधीची बोलावते आहे."

पार्बती ही तिकडच्या कॉलेजात तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण. त्या चिमुकल्या देशाच्या वकिलातीत नोकरीला होती. तिचे पणजोबा बिहारकडून उसाच्या मळ्यांवर करार करून गेलेले, एवढं मला ऐकून माहीत होतं.

सकाळी निघालो. बरोबर ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी आणि वांग्याचं भरीत घेतलं. जावई घरीच राहिला. प्रज्ञा अशी गाडी चालवते की मी सगळा वेळ उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. व्हर्जिनियात शिरलो आणि मागे निळे दिवे चमकले. पोलीस. प्रज्ञाने गाडी कडेला घेतली. आपल्याकडे काय करतो आपण? खाली उतरतो, चार पावलं पुढे जातो, हात जोडून "साहेब, लेकरू आहे, चुकलं" म्हणतो. समोरचा अधिकारी, आपण गाडीत बसून राहायचं म्हणजे उद्धटपणा. मी दार उघडलं आणि उतरले.

तो पोलीस एवढ्या मोठ्याने ओरडला की माझी पर्स हातातून पडली. त्याचा एक हात कमरेवरच्या पिस्तुलावर होता.

"आई! गाडीत बस! हलू नकोस! बस आधी!" प्रज्ञा आतून किंचाळली.

बसले. मग त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं, पांढरे केस, कपाळाला घाम, मांडीवर भाकरीचा डबा. त्याने प्रज्ञाला ताकीद देऊन सोडलं. या देशात आदर दाखवायला गेलेला माणूस गोळी खाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवार दुपार : पार्बतीचं घर

पार्बतीने दार उघडलं तेव्हा तिच्या कानाला फोन होता आणि त्याची लांब वायर स्वयंपाकघरातून तिच्यामागे आली होती. सावळी, किडकिडीत, एक वेणी. गोंदियाच्या बाजारात दिसली असती तर मी सरळ मराठीत "कुणाची गं तू" विचारलं असतं. पण तिला हिंदीही येत नाही. ती इंग्रजी बोलते, तेही एका वेगळ्याच हेलाचं. मला जसं कळलं तसं मी इथे मराठीत लिहिते.

तिने डाळपुरी केली होती. आमच्या पुरणपोळीसारखीच, फक्त सारण हरभऱ्याच्या नव्हे तर वाटाण्याच्या डाळीचं आणि तिखट. भाषा गेली पण स्वयंपाकघरातले शब्द राहिले आहेत. तवा तवाच, बेलना बेलनाच, भाजी म्हणजे पालेभाजी. माझं भरीत पाहून ती म्हणाली, "हा तर चोखा!" आणि डब्यातूनच बोटाने चाटलं. शेवटची पुरी लाटत असताना फोन वाजला आणि तिच्या हातातला बेलना, आपलं लाटणं, तसाच थांबला. चुकीचा नंबर होता. पुढेही जितक्या वेळा फोन वाजला तितक्या वेळा तिचा चेहरा तसाच व्हायचा.

काय झालं आहे ते तिने जेवताना सांगितलं. तिची आई एकटी राहते. त्या देशाच्या मधून एक नदी जाते, मुखाशी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही, बोटीने ओलांडावी लागते. राजधानी अलीकडे आणि आईचं गाव पलीकडे, समुद्रकिनारी. समुद्र शेतांपेक्षा उंच, बांध घालून अडवलेला, आणि बांधाच्या आत मैलोन्‌मैल धान. नदीपलीकडचा तो सगळा मुलूख आपलाच आहे असं मोठा शेजारी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. आजवर नुसतं म्हणत होता. यंदा तिथले पुढारी सभांमधून सांगू लागले होते की आता आम्ही तो घेणार. पंधरा दिवसांत दोनदा हेलिकॉप्टर धानावरून घिरट्या घालून गेलं होतं.

"मा म्हणते, हेलिकॉप्टर आलं की बदकं बांधावरून पाण्यात उड्या मारतात," पार्बती म्हणाली. "हसून सांगते. मला हसू येत नाही, आंटी."

महिनाभर ती आईच्या विनवण्या करत होती की नदी ओलांडून राजधानीत मामाकडे ये. शेवटी आई कबूल झाली होती. मंगळवारच्या बोटीने यायचं ठरलं होतं. जमिनीचा कागद, त्याला तिकडे ट्रान्सपोर्ट म्हणतात, बिस्किटाच्या डब्यात घालून पिशवी भरूनही ठेवली होती.

"मंगळवार उजाडू दे," पार्बती म्हणाली. "मग शेजाऱ्याला काय करायचं ते करू दे."

प्रज्ञाने तिचा हात धरला. मी ताटातली डाळपुरी संपवली, कारण घास घशाखाली उतरत नाही हे यजमानणीला दिसू देणं बरं नाही.

रविवार : काळी भिंत

सकाळी पार्बती आम्हाला शहर दाखवायला घेऊन गेली. मेट्रोचा सरकता जिना इतका खोल उतरतो की मी दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून घेतले. मागची माणसं "एक्सक्यूज मी" म्हणत थांबून राहिली. पांढऱ्या संगमरवराची स्मारकं पाहिली. सगळं भव्य, स्वच्छ, आणि इतकं सरळ रेषेत की मला कचेरीची तपासणी असते त्या दिवसाची आठवण झाली.

मग ती आम्हाला काळ्या दगडाच्या एका भिंतीपाशी घेऊन गेली. एका जुन्या लढाईत मेलेल्या सैनिकांची नावं कोरली आहेत. माणसं येतात, एखाद्या नावावर बोट ठेवून उभी राहतात. कुणी कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून नाव उतरवून घेत होतं. भिंत चकचकीत, तिच्यात आपला चेहरा दिसतो. पार्बती दोन पावलं मागे सरून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहू लागली.

"आमचं अख्खं सैन्य या भिंतीच्या एका कोपऱ्यात मावेल," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं बळ या मैदानात मावणार नाही. आमच्याकडे काय आहे, तर मी. मी, एक टायपिस्ट आणि फॅक्सचं मशीन."

राजदूत आजारी पडून मायदेशी गेलेले, त्यामुळे सगळा भार तिच्यावर. जवळच्या बाकावर बसून आम्ही भाकरीचा डबा उघडला आणि तिने सोमवारचं सांगितलं. त्या खंडातल्या सगळ्या देशांची इथेच वॉशिंग्टनमध्ये एक बैठक होती. विषय साधा, नद्या आणि जंगलं. जाडजूड अहवाल तयार होता आणि त्याच्या शेवटच्या पानावर नकाशा. त्या नकाशात नदीपलीकडचा सगळा किनारा, तिच्या आईच्या घरासकट, शेजाऱ्याच्या रंगात रंगवला होता. कुणी केलं, कसं झालं, विचारायला वेळ नव्हता. अध्यक्ष अहवाल पुकारणार, कुणी काही बोललं नाही की हातोडी आपटणार, आणि अहवाल सर्वांना मान्य.

"मग तू काय करणार?" प्रज्ञाने विचारलं.

"जाणार नाही. राजदूतसाहेब फोनवर म्हणाले, खुर्ची रिकामी ठेव. रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसते, तोच निषेध. आणि बोललो तर शेजारी चिडेल. चिडला तर पहिला राग तिकडच्या किनाऱ्यावर निघेल."

कुणी विचारल्याशिवाय बोलायची बाई मी नव्हे. परक्या देशाच्या राजकारणात आपण काय बोलायचं! पण माझी भाकरी हातातच राहिली.

"प्रज्ञा, हिला सांग," मी म्हटलं. "रिकामी खुर्ची कुणालाही दिसत नाही. मला माहीत आहे. कारण ती कागदावर मीच लिहायची."

प्रज्ञा माझ्याकडे पाहत राहिली. मग मी जे सांगितलं ते मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

जमिनीवर नाव बदलायचं असलं की आमच्याकडे नोटीस निघते. ज्याची हरकत असेल त्याने ठरल्या तारखेला येऊन सांगायचं. शिपाई दारात उभा राहून तीनदा नाव पुकारतो. कितीतरी माणसांना वाटतं, नोटीस घेतलीच नाही, गेलोच नाही, तर कोण काय करील? आपण नसताना आपली जमीन जाईलच कशी? शिकलेल्यांनाही वाटतं. आणि कागदावर काय होतं, तर "पुकारले, गैरहजर, हरकत नाही". त्या तीन गोष्टी एका ओळीत येतात आणि त्या ओळीवर शिक्का बसतो.

एकदा एका विधवेची तारीख होती. दीर जमीन आपल्या नावावर करून घेत होता. ती आली होती. सकाळपासून कचेरीच्या व्हरांड्यात पाण्याच्या रांजणामागे पदर घेऊन बसली होती, पण दारात दिराची चार माणसं उभी होती आणि त्यांच्यामधून आत यायची तिला छाती झाली नाही. शिपायाने तीनदा पुकारलं. मला खिडकीतून तिचा पदर दिसत होता. मी उठून तिचा हात धरून आत आणू शकले असते. पण दाराशी उभी असलेली माणसं मलाही दिसत होती. मी लिहिलं, गैरहजर, हरकत नाही. अक्षर माझं चांगलं होतं, साहेब नेहमी कौतुक करायचे.

"ती आली नाही म्हणून तिची जमीन गेली असं सगळे म्हणतात," मी म्हटलं. "ती आली होती. पण कागदाला व्हरांडा दिसत नाही."

प्रज्ञाने जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पार्बती दोन्ही हात मांडीत दाबून बसली होती.

"मला हे माहीत आहे, आंटी," ती अखेर म्हणाली. "आमच्या कायद्याच्या पुस्तकातही हेच आहे. जो गप्प बसला त्याने मान्य केलं. मी हे शिकले आहे, त्यात मार्कही मिळवले आहेत. पण मला भीती वाटते म्हणून मला रिकामी खुर्ची आवडत होती."

रविवार संध्याकाळ : दोन खोल्यांची वकिलात

सरळ वकिलातीत गेलो. वकिलात म्हणजे मला वाटलं, फाटक, पहारा, झेंडे. झेंडा होता. बाकी एका अरुंद घरातल्या दोन खोल्या, भिंतीवर ओल, आणि एक मोठा पंखा. आमची कचेरी बरी.

पार्बतीने राजधानीला फोन लावला. लागेना. लागला तर तुटे. शेवटी कुणीतरी वरिष्ठ भेटला आणि ती उभ्या उभ्या वाद घालू लागली. पलीकडून सांगितलं गेलं की तू काय बोलणार ते आधी लिहून पाठव, मग ठरवू.

ती लिहायला बसली. पान भरलं, फाडलं. दुसरं भरलं, फाडलं. फार लिहिलं की शेजाऱ्याला भांडायला जागा मिळते, हे मला भाषा पुरती कळत नसूनही कळत होतं. आमच्याकडचे चांगले वकीलही हरकत चार ओळींतच लिहायचे. अखेर दोन वाक्यं उरली. पहिलं, हा नकाशा माझ्या सरकारला मान्य नाही. दुसरं, ही सीमा फार पूर्वी लवादाने ठरवून दिली आहे आणि ती आजही तीच आहे.

"वहिवाट कुणाची?" मी विचारलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"कागद कुणाचा ते लिहिलंस. पण कसतं कोण? पेरतं कोण, राहतं कोण? हरकतीत ते यायलाच पाहिजे. कागदावर कागद येतात बाई, पण बांधीत, धानाच्या वाफ्यात, उभा असलेला माणूस खोडता येत नाही."

पार्बतीने तिसरं वाक्य लिहिलं. त्या किनाऱ्यावर आमची माणसं राहतात, तिथे धान पेरतात, आणि तिथे आमचा कायदा चालतो. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग कागद मशीनमध्ये घातला आणि तो कुरकुरत आत गेला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. बत्तीस वर्षांत माझ्या एका शब्दाने कुणाचं काही वाचल्याचं मला आठवत नव्हतं.

सोमवार : नावाची पाटी

सकाळी उत्तर आलं. एकच ओळ. जा, तीन वाक्यं वाच, चौथं बोलू नकोस.

बैठकीच्या इमारतीत पाहुण्यांना मागच्या खुर्च्यांवर बसू देतात. आत शिरताना पहारेकऱ्याने माझी पिशवी उपडी केली आणि जवसाच्या चटणीची पुडी नाकाशी नेऊन सटासट शिंकला. प्रज्ञा "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली.

खोलीत घोड्याच्या नालेच्या आकाराचं लांब टेबल. प्रत्येक देशापुढे त्याच्या नावाची आडवी पाटी. मोठ्या शेजाऱ्याच्या पाटीमागे सात माणसं बसली होती, काळे सूट, कागदांचे गठ्ठे, एकमेकांच्या कानाशी बोलणं आणि हसणं. पार्बतीच्या पाटीमागे पार्बती. शेजारच्या दोन खुर्च्यांवर तिने आपली पर्स आणि कोट ठेवला होता, तेवढंच भरल्यासारखं दिसावं म्हणून.

तिथे बोलायचं असेल तर हात वर करत नाहीत. आपल्या नावाची पाटी आडवीची उभी करून ठेवतात. अध्यक्ष ते पाहून नाव पुकारतात. चांगली पद्धत आहे, पण त्यात अध्यक्षांची नजर तुमच्याकडे वळावी लागते.

विषय भराभर निघत होते. कानात घालायच्या यंत्रातून मला आधी स्पॅनिशच ऐकू येत होतं, मग प्रज्ञाने बटण फिरवून इंग्रजी लावून दिलं. नद्यांच्या अहवालाचा नंबर आला. पार्बतीने पाटी उभी केली. तिच्या पुढच्या वळणावर एक भरदार गृहस्थ खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि त्यांच्या खांद्याआड ती पाटी पूर्ण झाकली गेली. अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणाची हरकत दिसत नाही, ते म्हणाले, आणि त्यांनी हातोडी उचलली.

मला ओरडायचं होतं. शब्द तोंडात होता. पाहुण्यांनी बोलायचं नसतं, आणि शिपाई दारात उभा होता. मी उठले नाही. हे मी लिहून ठेवते, कारण वाचणाऱ्याला वाटू नये की म्हातारीने तिथे काही पराक्रम गाजवला.

पार्बतीने पाटी उचलली आणि टेबलावर आपटली. एकदा नाही, तीनदा. सगळ्या माना वळल्या. ते भरदार गृहस्थ दचकून पुढे सरकले. हातोडी हवेतच राहिली.

"आपण बोलू इच्छिता?" अध्यक्षांनी विचारलं.

तिने वाचलं. पहिल्या वाक्यात तिचा आवाज इतका कापत होता की मी प्रज्ञाच्या मनगटात नखं रुतवली. दुसरं जरा सरळ आलं. तिसरं वाक्य तिने कागदाकडे न पाहता म्हटलं. आमची माणसं तिथे राहतात. मग ती खाली बसली, आणि मला मागून तिचे दोन्ही कान लाल झालेले दिसले.

शेजाऱ्याचे प्रतिनिधी बोलायला लागले ते किती वेळ बोलले कोण जाणे. फार गोड बोलले. बंधुभाव, इतिहास, संयम, आणि शेवटी, प्रत्येक संयमाला अंत असतो. ते वाक्य म्हणताना ते पार्बतीकडे पाहून मंद हसले. असं हसणं मी कचेरीच्या दारात पाहिलेलं आहे. अध्यक्ष म्हणाले, दोन्ही निवेदनं इतिवृत्तात जोडली जातील. हातोडी पडली आणि लगेच पुढचा विषय निघाला.

झालं ते एवढंच. नकाशा बदलला नाही. पण त्याच्यामागे तीन वाक्यं चिकटली होती, आणि उद्या कुणीही तो नकाशा दाखवला तरी त्याला ती वाक्यंही दाखवावी लागणार होती. बाहेर आल्यावर पार्बतीने मला मिठी मारली. प्रज्ञा हसत होती, रडत होती, "तू ग्रेट आहेस यार" म्हणत होती. मला कुणीतरी कॉफी आणून दिली, ती कडू होती आणि मी सगळी प्यायले.

"आईला सांगते," पार्बती म्हणाली. "रेडिओवर येण्याआधी मीच सांगते."

तळमजल्यावर भिंतीला फोन होते. तिने कार्डावरचे आकडे दाबले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लागला. ती भराभर बोलली. पाटी आपटली ते सांगताना हसली. मग तिसरं वाक्य सांगितलं. पलीकडून आई काही बोलली असावी, कारण पार्बती ऐकू लागली. तिचं हसू हळूहळू गेलं.

"नाही मा," ती म्हणाली. "मा, नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उद्याची बोट. तू कबूल केलं होतंस. मा, ऐक."

मग ती नुसती ऐकत राहिली. कपाळ भिंतीला टेकवलं. प्रज्ञाने "काय झालं" विचारलं तेव्हा तिने तोंडाजवळून फोन जरा बाजूला केला.

"ती येत नाही," ती म्हणाली. "म्हणते, तू सगळ्या देशांसमोर सांगितलंस ना, आमची माणसं तिथे राहतात? मग मी उठून आले तर तू खोटी ठरशील. शेजारच्या दोन घरांनाही ती हेच सांगणार आहे. पिशवी उघडली म्हणे. डबा परत कपाटात ठेवला."

मला कळेना कुठे पाहावं. तिसरं वाक्य माझं होतं. बांधीत उभा असलेला माणूस खोडता येत नाही, असं मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, आणि तो माणूस म्हणजे एक सत्तरीची बाई, एकटी, डोक्यावर हेलिकॉप्टर, हे मी धरलंच नव्हतं. कचेरीत कधी धरावं लागलं नव्हतं. आम्ही कागद लिहायचो आणि पाचला घरी जायचो.

"तुमच्याशी बोलायचं म्हणते," पार्बतीने रिसीव्हर माझ्यापुढे केला.

मी कानाला लावला. खरखर होती, आणि मागे कुठेतरी बदकं ओरडत होती. आवाज ठणठणीत होता.

"बेटी," ती म्हणाली. तेवढाच शब्द आम्हा दोघींचा. पुढचं इंग्रजीत, सावकाश, मला कळावं म्हणून. "माझ्या मुलीला बोल म्हणून तुम्ही सांगितलं?"

"हो," मी म्हटलं.

"चांगलं केलं. आता तिला सांगा, रडू नकोस. मी कुठे जात नाही."

मी रिसीव्हर ठेवला. पार्बती माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती, आई काय म्हणाली ते ऐकायला. मला ते तिला सांगता आलं नाही.